सुभेदार तात्यांच्या दोन पेट्या

आमच्या गल्लीतले सुभेदार तात्या जाऊन येत्या पौषात वर्ष होईल. श्रद्धांजलीच्या फलकावर फोटोखाली एकच ओळ होती, ‘मराठा लाइट इन्फंट्रीत २४ वर्षे सेवा’. बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांत ही ओळ इतक्यांदा दिसते की कुणी थांबून वाचत नाही. ती आमच्याकडेच एवढी का दिसते, हे मात्र मागे जाऊन बघावं लागतं.

रेजिमेंटची सर्वांत जुनी तुकडी, जंगी पलटण, १७६८ सालची. तेव्हा बेळगावचा तिच्याशी काही संबंध नव्हता. १८१८ साली किल्ला इंग्रजांकडे गेला, पुढे कॅम्प वसला आणि १९२२ च्या फेररचनेनंतर रेजिमेंटचं प्रशिक्षण केंद्र बेळगावात आलं. मग आमच्याकडची पोरं भाकरी बांधून सायकलवर भरतीला जाऊ लागली. जमीन तुकड्यातुकड्यांची, भात आणि रताळी पावसाच्या भरवशावर, वाटेकरी चार भाऊ. एक जण पलटणीत गेला की घरात मनिऑर्डर येई. “देश नंतर कळला, आधी पोट,” असं तात्याच सांगत. तालमीचा नाद होताच. भरतीला छाती मोजतात तेव्हा लाल मातीत घालवलेली वर्षं कामाला येतात.

तात्यांचा जन्म १९४४ चा, मुंबई इलाख्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. तात्या १९६२ साली भरती झाले ते म्हैसूर राज्यातून, आणि १९८६ साली पेन्शनवर आले ते कर्नाटकात. त्या काळ्या दिवसाबद्दल गावात आजही कडवट बोललं जातं. तात्या मात्र त्यावर फारसं बोलत नसत. पेन्शनच्या कामाला गेले की कन्नडातला फॉर्म शेजारच्या पोराकडून भरून घेत आणि सही ठसठशीत मराठीत करत.

१९७१ च्या डिसेंबरात ते जंगी पलटणीबरोबर पूर्व पाकिस्तानात होते. ब्रह्मपुत्रा ओलांडून पलटणीनं जमालपूरच्या दक्षिणेला रस्ता अडवला. शरण या म्हणून आपल्या ब्रिगेडियरनं धाडलेल्या चिठ्ठीला तिथल्या पाकिस्तानी कर्नलनं बंदुकीची गोळी गुंडाळून उत्तर पाठवलं, हा किस्सा प्रसिद्ध आहे. १० तारखेच्या रात्री शत्रू वेढा फोडायला चालून आला, तो मराठ्यांनी परतवला आणि ११ ला जमालपूर पडलं. त्याच दिवशी मराठ्यांचीच दुसरी पलटण, पॅराशूटवाली, टांगाईलला उतरली. तात्यांना त्या रात्रीतलं आठवे ते ओल्या मातीचं गारठणं आणि शेजारच्या जवानानं अर्धी करून दिलेली विडी.

घरी त्यांच्या दोन पेट्या होत्या. एक काळी लोखंडी, वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. सुट्टीवर येताना मिरजेला उतरून ती डोक्यावर घ्यायची, मीटरगेजच्या गाडीत टाकायची आणि सुगीच्या आत घर गाठायचं. थोरल्याला त्यांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो अकरा महिन्यांचा होता आणि मिशा बघून भोकाड पसरून आईकडं पळाला. काकू हे हसत सांगतात, पण तोवर डोळे पदराला लागलेले असतात.

दुसरी पेटी सुरांची. ती पेन्शनवर आल्यावर घेतली. बेळगाव पेटीचं गाव. पंडित रामभाऊ विजापुरे इथेच राहून पेटी शिकवत. तात्यांना तसलं शास्त्र आलं नाही. रेडिओ ऐकून अभंग बसवायचे, आणि भजन चुकीच्या पट्टीत उठलं की मेजरसाहेबांसारखे “थांब!” म्हणून ओरडायचे. टाळकरी बिचारे सावधान उभे राहायचे बाकी होते!

लोखंडी पेटीत आता काकू भाताचं बियाणं ठेवतात. सुरांची पेटी देवळात आहे. तिची काळी चार दाबली की अजून अडकते, आणि अडकली की सगळे थांबतात.