अमेरिकेत नर्सिंगच्या मास्टर्सला अर्ज करताय? क्लेप देण्याआधी हे तपासा

बीकॉम, बीए किंवा बीएस्सी करून अमेरिकेत आलेल्या आणि आता नर्सिंगकडे वळणाऱ्या बऱ्याच जणी आधी क्लेपच्या, म्हणजे वर्गात न बसता कॉलेजचं क्रेडिट मिळवून देणाऱ्या, परीक्षा देऊन टाकतात आणि कॉलेज नंतर शोधतात. क्रम उलटा हवा.

दुसऱ्या विषयातली पदवी असली तरी नर्सिंगच्या ‘डायरेक्ट एन्ट्री’ (नर्सिंगची पदवी नसलेल्यांसाठीच्या) मास्टर्सला अर्ज करता येतो. मात्र त्याआधी अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी, स्टॅटिस्टिक्स आणि बऱ्याच ठिकाणी न्यूट्रिशन व ह्यूमन डेव्हलपमेंट हे प्रीरेक्विझिट, म्हणजे प्रवेशाआधी करायचे विषय, पूर्ण असावे लागतात. खरी अडचण इथेच आहे. कॉलेज बोर्डाच्या क्लेपमध्ये ३४ परीक्षा आहेत. त्यांत अ‍ॅनाटॉमी नाही, मायक्रोबायोलॉजी नाही आणि स्टॅटिस्टिक्सही नाही. बायोलॉजीची आहे, पण तिच्यावर अ‍ॅनाटॉमीचं काम भागत नाही. शिवाय शास्त्र विषयांना लॅब लागते आणि ती कुठल्याच लेखी परीक्षेतून मिळत नाही. हे विषय कम्युनिटी कॉलेजमध्ये बसूनच करायचे, हे आधीच धरून चला. बारावीला किंवा बीएस्सीला शिकलेलं दहा वर्षांपूर्वीचं असेल तर तेही चालेलच असं नाही; अनेक कॉलेजं शास्त्र विषयांना पाच ते सात वर्षांची मर्यादा घालतात.

मग क्लेपचा उपयोग कुठे? सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी, ह्यूमन ग्रोथ अँड डेव्हलपमेंट, इंग्रजी कॉम्पोझिशन अशा विषयांत. स्टॅटिस्टिक्ससाठी डीएसएसटी या क्लेपसारख्याच दुसऱ्या परीक्षांमध्ये वेगळी परीक्षा आहे. आपली तीन वर्षांची पदवी चार वर्षांच्या बरोबरीची धरली गेली नाही, तर थॉमस एडिसन स्टेट किंवा चार्टर ओकसारख्या संस्थांतून उरलेले बरेचसे क्रेडिट परीक्षांनी भरून पदवी घेता येते. क्लेपचं खरं बळ तिथे आहे. फीची काळजी असेल तर मॉडर्न स्टेट्स या संस्थेचा मोफत ऑनलाइन कोर्स पूर्ण करून परीक्षेचं व्हाउचर मिळतं.

एक गोष्ट कोणी नीट सांगत नाही. युनिव्हर्सिटीच्या वेबसाइटवर ‘क्लेप स्वीकारतो’ असं लिहिलेलं असतं, पण ते बहुधा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी असतं. नर्सिंग विभाग प्रीरेक्विझिटला तेच क्रेडिट नाकारू शकतो. क्लेपला ग्रेड नसते, फक्त २० ते ८० गुण असतात, आणि ‘किमान बी हवा’ असा नियम असला की ५० गुणांना बी मानायचं की नाही हे विभागच ठरवतो. त्यामुळे विषयाचं नाव घालून विभागाला ईमेल करा आणि लेखी उत्तर जपून ठेवा. फोनवर ‘हो, चालेल’ म्हणणारी व्यक्ती छाननीच्या वेळी भेटत नाही.

परीक्षेची नोंदणी ऑनलाइन होते. जाताना नोंदणीचं तिकीट आणि फोटो ओळखपत्र न्यायचं. नापास झालात तर त्याच विषयाला तीन महिने थांबावं लागतं. अर्जाची तारीख जवळ असेल तर हे फार महाग पडतं.

कागदपत्रांत नाव सगळ्यांत जास्त रडवतं. मार्कशीटवर माहेरचं आडनाव, पासपोर्टवर सासरचं, आणि मधे कधी वडिलांचं तर कधी नवऱ्याचं नाव. परीक्षेची नोंदणी ओळखपत्रावर आहे अगदी त्याच नावाने करा. पदवीच्या मूल्यमापनासाठी डब्ल्यूईएसला (परदेशी पदवी अमेरिकेतल्या कुठल्या पदवीच्या बरोबरीची हे ठरवणाऱ्या संस्थेला) विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र द्यावं लागू शकतं; ते मराठीत असेल तर भाषांतरासह. ट्रान्स्क्रिप्टही (विषय आणि गुणांचा अधिकृत उतारा) तुमच्याकडची झेरॉक्स चालत नाही, विद्यापीठानेच पाठवायला हवी. मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांच्या खिडकीवर घरचं कुणीतरी पाठपुरावा करणारं असेल तर बरं, आणि हे काम सगळ्यांत आधी सुरू करा.

नर्सिंगकॅसवर (अनेक नर्सिंग कॉलेजांसाठीच्या सामाईक अर्जाच्या वेबसाइटवर) अर्ज करत असाल तर तारखेसोबतचा शब्द वाचा. काही कॉलेजांना त्या दिवसापर्यंत अर्ज पाठवलेला पुरतो, काहींना ट्रान्स्क्रिप्ट पोहोचलेली हवी, तर काहींना पडताळणीच पूर्ण झालेली हवी असते, आणि पडताळणीला काही आठवडे जाऊ शकतात. शिवाय रात्री ११:५९ म्हणजे पूर्व किनाऱ्याची वेळ. कॅलिफोर्नियात तेव्हा ८:५९ वाजलेले असतात.