संगणक आणि ‘प्रशिक्षणक्षम’ हा शिक्का

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला १८ वर्षं पूर्ण झाली की विशेष शाळा सुटते आणि कार्यशाळा सुरू होते. तिथली कामं ठरलेली: पणत्या रंगवणं, मेणबत्त्या, कागदी पिशव्या, फायली. संगणक या यादीत उशिरा आला, आणि आला तोही बहुतेक ठिकाणी चित्रात रंग भरण्यापुरता.

उशिराचं कारण यंत्राच्या किमतीत होतंच, पण तितकंच एका शब्दातही होतं. बुद्ध्यंक ५० ते ७० असेल तर मूल ‘शिक्षणक्षम’, ३५ ते ५० असेल तर ‘प्रशिक्षणक्षम’. ही वाटणी अमेरिकेतली, आपण ती उचलली. शब्द ऐकायला बरा वाटतो, पण खरा अर्थ असा की याला लिहावाचायला येणार नाही, हातकाम तेवढं शिकवा. संगणक मात्र लिहावाचायच्या बाजूचा मानला गेला. मग प्रशिक्षणक्षम मुलाला त्याच्यासमोर बसवणार कोण? बौद्धिक अक्षमतेच्या क्षेत्रातल्या अमेरिकेतल्या व्यावसायिक संघटनेनं १९९२ साली सौम्य, मध्यम, तीव्र या पायऱ्याच व्याख्येतून काढल्या आणि ‘आधार किती लागतो’ हे पाहायचं ठरवलं. आपल्याकडच्या अपंगत्व प्रमाणपत्रावर त्या अजून आहेत.

खरं तर वाचता न येणाऱ्यालाच हे यंत्र जास्त उपयोगी. कामाचे टप्पे पाडून शिकवण्याची पद्धत जुनी. चहा करायचा तर पातेलं घेण्यापासून गॅस बंद करण्यापर्यंतची चित्रं भिंतीवर लावायची. तेच टप्पे छोट्या व्हिडिओंतून दाखवता येऊ लागले. एक बघायचा, तेवढं करायचं, मग पुढचा. दहाव्यांदा दाखवतानाही यंत्राचा आवाज चढत नाही, आम्हा शिकवणाऱ्यांचा चढतो. माउसची अडचण मोठी होती: हात टेबलावर, नजर पडद्यावर. २०१० नंतर टॅबलेट आले आणि बोट थेट चित्रावर टेकू लागलं.

नोकरीतलं आरक्षण मागाहून आलं. १९९५ च्या कायद्यानं ‘मतिमंदत्व’ अपंगत्वात धरलं, पण सरकारी नोकऱ्यांतलं ३ टक्के आरक्षण दृष्टी, श्रवण आणि हालचालीच्या अपंगत्वालाच दिलं. २०१६ च्या कायद्यानं ते ४ टक्के केलं. वाढीव १ टक्क्यात स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासोबत बौद्धिक अक्षमताही आली. भरती मात्र बहुतेक ठिकाणी लेखी परीक्षेनंच होते.