यंत्रासाठी स्टेनलेस स्टीलची निवड (खारपाणपट्टा)

टाकी, पाइप, पंप यांच्यासाठी स्टेनलेसचा 202, 304 की 316 यातला कोणता ग्रेड घ्यायचा हे पाणी आणि माल बघून ठरवायचं असते. आपल्याकडे आधी भाव विचारतात अन पाणी कोणी तपासतच नाही, सगळं नुकसान तिथंच होते.

स्टेनलेसला जंग लागतच नाही असं नाही. त्यात कमीत कमी 10.5 टक्के क्रोमियम असते, हवा लागली की त्याचा डोळ्याला न दिसणारा पातळ थर बसतो, ओरखडा पडला तरी तो परत भरून येतो. या थराचा वैरी म्हणजे क्लोराइड, म्हणजे मिठातला खारा अंश, अन पूर्णेच्या खोऱ्यात, दर्यापूर, तेल्हारा, संग्रामपूरकडे, ते बोअरच्या पाण्यातूनच येते. ही जंग पसरत नाही, एकाच जागी टाचणीच्या टोकाएवढं भोक पाडत आत जाते. टाकी वरून चकचकीत, फक्त बुडाच्या वेल्डिंगजवळ चहा सांडल्यासारखा तांबूस डाग दिसतो, नखानं खरवडला की खाली खड्डा लागतो.

304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम, 8 टक्के निकेल. दूध, संत्र्याचा रस, गोडं पाणी याला ते पुरते. 316 मध्ये वरून 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असते म्हणून ते खाऱ्यात टिकते. ठोकताळा असा की थंड पाण्यात लिटरमागे क्लोराइड 200 मिलिग्रॅमपर्यंत 304, हजारापर्यंत 316. पाणी 60 अंशाच्या वर तापणार असेल तर हे आकडे धरू नका, ताण असलेल्या जागी दोन्ही तडकू शकतात. लोणच्याचा खार साठवायला तर फूड ग्रेड प्लास्टिकचा ड्रमच बरा.

ग्रेड ओळखायला चुंबक लावून पाहणं कामाचं नाही. 202 मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असते, त्याला पण चुंबक चिकटत नाही, अन चांगल्या 304 ला वाकवलेल्या कोपऱ्यात थोडं चिकटते. पत्र्याचं टेस्ट सर्टिफिकेट मागा, 316 असेल तर मोली टेस्टचा, म्हणजे मॉलिब्डेनम तपासायच्या औषधाचा, थेंब टाकून बघा.

वेल्डिंगला 304एल किंवा 316एल घ्या, यात कार्बन 0.03 टक्क्याच्या आतच असते. वेल्डिंगचा निळा-काळा रंग पिकलिंग पेस्टनं (स्टेनलेस साफ करायची अॅसिडची पेस्ट) काढून घ्या, अन साध्या लोखंडावर चालवलेली ग्राइंडरची चकती इथं लावू देऊ नका, लोखंडाची भुकटी बसली की जंग तिथूनच धरते. ब्लीचिंगनं धुतल्यावर लगेच गोड्या पाण्यानं खळखळून धुवा. हंगाम संपला की टाकीत पाणी साचू द्यायचं नाही, पुसून कोरडी करून झाकण उघडं ठेवायचं.