चांदीच्या निगेटिव्हचं आणि आयसीईचं का जमत नाही

निकॉनचा जुना फिल्म स्कॅनर, म्हणजे कूलस्कॅन, सेकंडहँड घेतला की पहिल्या रात्री बहुतेक जण करतात तेच मीही केलं. आजोबांची 35 एमएम कृष्णधवल निगेटिव्ह घातली, धूळ घालवणारं डिजिटल आयसीई ऑन केलं आणि स्कॅन बघतो तर धूळ बऱ्यापैकी तशीच, आणि आजोबांच्या पांढऱ्या टोपीची कड मात्र पाण्यात विरघळल्यासारखी. मला वाटलं मशीन गंडलंय. तसं काही नव्हतं.

याचं मूळ 1998 मध्ये आहे. त्या वर्षी निकॉनने एलएस-2000 हा कूलस्कॅन आणला, 2700 डीपीआयचा (इंचाला 2700 बिंदू), आणि त्यात आयसीई होतं. ते बनवलं होतं टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या अप्लाइड सायन्स फिक्शन नावाच्या कंपनीने (नाव खरंच हेच, 2003 ला कोडॅकने घेतली). युक्ती अशी की लाल, हिरवा, निळा याच्या जोडीला चौथा इन्फ्रारेड प्रकाश टाकायचा. रंगीत फिल्म धुताना चांदी ब्लीच होऊन निघून जाते, उरतात फक्त डाय, म्हणजे रंगद्रव्यं, आणि डायमधून इन्फ्रारेड आरपार जातो, अडतो तो धुळीला आणि ओरखड्यांना, मग सॉफ्टवेअर तेवढीच जागा आजूबाजूचं बघून भरून काढतं. कृष्णधवल निगेटिव्हमध्ये चित्रच चांदीचं! चांदी इन्फ्रारेड अडवते, त्यामुळे बिचाऱ्या मशीनला चित्रच कचरा वाटायला लागतं, आणि निगेटिव्हवर सगळ्यात दाट चांदी कुठे, तर जे फोटोत पांढरं दिसणार तिथे. म्हणून टोपी गेली. इलफर्डची एक्सपी2 याला अपवाद, कारण ती कृष्णधवल असली तरी रंगीत फिल्मच्या सी-41 केमिकलमध्ये धुतली जाते आणि शेवटी डायच उरतात.

थोडक्यात ही मशिन्स रंगीत फिल्म डोळ्यासमोर ठेवून बनली, चांदीची निगेटिव्ह सावत्रच राहिली. फोटोत दिसणाऱ्या दाण्यांचं, म्हणजे ग्रेनचंही तेच. 1909 मध्ये आंद्रे कॅलिएने दाखवलं होतं की एकाच दिशेने येणारा सरळ प्रकाश चांदीच्या कणांवर आपटून विखुरतो आणि दाट भाग आहे त्यापेक्षा जास्त दाट वाटतो. ज्यांनी डार्करूममध्ये कंडेन्सरवाला (भिंगांनी प्रकाश सरळ एका दिशेने टाकणारा) एन्लार्जर वापरलाय त्यांना हे पाठ असेल, प्रिंट कडक, म्हणजे जास्त कॉन्ट्रास्टची येते, ग्रेन आणि ओरखडे टोचतात. निकॉनचा एलईडीचा प्रकाश त्याच जातीचा. मिनोल्टाने 2003 च्या 5400 या स्कॅनरमध्ये मधे डिफ्युजर (प्रकाश पसरवणारा पडदा) सरकवायची सोय दिली, नाव ग्रेन डिझॉल्व्हर, पण तीनच वर्षांत कंपनीच कॅमेऱ्याच्या धंद्यातून बाहेर पडली, काय करणार.

एका बाबतीत मात्र सावत्रपणाचा फायदाच झाला. जाहिरातींत डी-मॅक्सची (स्कॅनर किती दाट भागापर्यंत तपशील वाचू शकतो त्या आकड्याची) जी चढाओढ चालायची ती स्लाइडसाठी, कारण स्लाइडच्या काळ्या सावलीची घनता 3 च्या वर जाते. नीट धुतलेली कृष्णधवल निगेटिव्ह 2 च्या पुढे क्वचितच जाते, म्हणून ‘जुना झाला, रेंज कमी’ म्हणून स्वस्तात निघालेला स्कॅनर आपल्या कामाला पुरून उरतो. 4000 डीपीआयवाला असेल तर एका फ्रेमचे साधारण 21 मेगापिक्सेल मिळतात, अजून काय पाहिजे.

डोकेदुखी म्हणजे वायर आणि सॉफ्टवेअर, जोडणी आधी स्कझीची, मग फायरवायरची, दोन्ही आता जुन्या, आणि निकॉनचं स्वतःचं सॉफ्टवेअर निकॉन स्कॅन नव्या विंडोजवर धड चालेना. एड हॅमरिकचं व्ह्यूस्कॅन हे स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर 1998 पासून आहे, निम्मे जुने स्कॅनर त्याच्याच जिवावर जिवंत असतील असं माझं मत.

मी आता आयसीई बंद ठेवतो, 16 बिट आरजीबी (लाल, हिरवा, निळा) स्कॅन करून त्यातला फक्त ग्रीन चॅनल घेतो, आधी ब्लोअर मारतो आणि उरलेले ठिपके हाताने काढतो, फ्रेमला वीस मिनिटं सहज जातात. राहिला आगफा क्लिक थ्री या जुन्या कॅमेऱ्याच्या 120 रोलचा (रुंद फिल्मचा) डबा, ती 6 बाय 6 सेंमीची निगेटिव्ह या 35 एमएमच्या फटीत जाणारच नाही आणि 120 घेणाऱ्या निकॉनच्या 9000 ईडी स्कॅनरचे भाव ऐकून घरी विषयच काढला नाही, तोवर डबा सिलिका जेल घालून कपाटात.