दोरी परत येत नाही म्हणजे स्प्रिंगच गेली, असं नाही

उकाई धरणाच्या फुगवट्यावर नवापूरकडे किंवा धडगावच्या खाली नर्मदेच्या पाण्यात बोटीला जुनं आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायचं) इंजिन लावलं असेल, तर कधी ना कधी ते चालू करायला ओढायची दोरी दगा देते. लगेच निदान होतं, "स्प्रिंग गेली." नवी स्प्रिंग येते, बसते, आणि तक्रार तशीच राहते. कारण बिघाड कुत्र्याचा, म्हणजे दोरीच्या पुलीवरच्या अडकणाऱ्या खिट्टीचा (pawl) असतो. हे दोन दोष बाहेरून इतके सारखे दिसतात की नवी स्प्रिंग आणण्याआधी ते वेगळे करता आलेच पाहिजेत.

दोरी ओढली की पुली फिरते. पुलीवरचा कुत्रा, सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतो तसाच, बाहेर येऊन फ्लायव्हीलवरच्या (इंजिनाच्या जड चाकावरच्या) वाटीत अडकतो आणि इंजिन फिरवतो. इथे त्या स्प्रिंगचा (रिकॉइल स्प्रिंगचा) काहीच संबंध नाही. दोरी सोडल्यावर पुली उलटी फिरवून दोरी गुंडाळून घेणं, एवढंच तिचं काम.

म्हणून दोरी हलकी येते, इंजिन फिरतच नाही, पण सोडल्यावर दोरी झटकन आत जाते, तर स्प्रिंगला हात लावू नका. कुत्रा बाहेर येत नाहीये. उलट, इंजिन नीट फिरतं पण दोरी बाहेर लोंबत राहते, तर संशय स्प्रिंगवर घ्यावा.

फक्त संशयच, कारण खरी गफलत इथेच होते. कुत्रा वाटीत अडकून राहिला, तरी पुली उलटी फिरत नाही आणि दोरी बाहेरच राहते. दिसायला हुबेहूब तुटलेली स्प्रिंग. याची परीक्षा सोपी आहे. झाकणाचे बोल्ट काढा, अख्खं स्टार्टर (झाकणासकट पुली, स्प्रिंग आणि दोरी) हातात घ्या आणि दोरी ओढून सोडा. आता ती झरझर आत गेली, तर स्प्रिंग धडधाकट आहे. दोष कुत्र्यात किंवा वाटीत. हातातही ती लुळीच पडली, तर स्प्रिंग तुटली आहे किंवा तिचं टोक खाचेतून सुटलं आहे. शेवटची वीतभर दोरीच तेवढी बाहेर राहत असेल, तर बहुधा स्प्रिंगचा ताण कमी पडलाय, नवी आणायची गरज नाही.

कुत्र्याचं काम बिनधोक आहे. जुनं वाळलेलं ग्रीस रॉकेलने धुवा, कुत्र्याची बारीक स्प्रिंग आणि झिजलेली कड बघा. नवं ग्रीस अगदी पातळ हाताने लावा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणि धुळीत थापलेल्या ग्रीसची खळ होते, आणि कुत्रा पुन्हा आखडतो.

स्प्रिंगचं तसं नाही. गुंडाळलेली पोलादी पट्टी उसळली की डोळाही जाऊ शकतो. चष्मा आणि जाड हातमोजे घातल्याशिवाय पुली उचलू नका, आणि आधी ताण हळूहळू उतरवा. परत जोडताना पुलीला दोरी ओढायच्या दिशेने फेरे देऊन ताण भरा. किती फेरे, ते त्या मॉडेलवर ठरतं. दोरी पूर्ण ओढून धरल्यावरही पुली थोडी आणखी फिरली पाहिजे. तिथेच ती घट्ट अडली, तर ताण जास्त झालाय आणि स्प्रिंग लवकर तुटेल.

आणि दोरी मुळातच ओढली जात नसेल, तर आधी गिअर बघा. बऱ्याच आउटबोर्डमध्ये न्यूट्रलशिवाय दोरी अडवून ठेवणारी कुलूप-व्यवस्था असते. तो बिघाड नव्हे.

भर पाण्यात स्टार्टर गेलं, तर ते काढून फ्लायव्हीलच्या खाचेत गाठ मारलेली सुटी दोरी गुंडाळून इंजिन चालू करता येतं. पण तेव्हा ही कुलूप-व्यवस्था बाद झालेली असते, म्हणून गिअर न्यूट्रलमध्ये आहे ना ते स्वतः तपासा, दोरी हाताला गुंडाळू नका, आणि उघड्या फ्लायव्हीलपासून बाही आणि रुमाल दूर ठेवा.