व्यवस्थापन माहिती प्रणाली

रोजच्या व्यवहारांच्या नोंदी ठरलेल्या व्याख्येने गोळा करून, त्यांतून निर्णयाला उपयोगी पडणारे अहवाल तयार करून ते ठरलेल्या वेळी संबंधित अधिकाऱ्यापुढे ठेवणारी व्यवस्था. कचेरीत ‘एमआयएस (या प्रणालीचे इंग्रजी लघुरूप) पाठवला का?’ असे विचारतात तेव्हा बहुधा महिनाअखेरचा अहवाल अभिप्रेत असतो. तो प्रणालीचे शेवटचे टोक होय. माणसे, कामाच्या रीती, माहितीचा साठा, यंत्रे आणि सॉफ्टवेअर मिळून प्रणाली होते. संगणक तिचा अनिवार्य घटक मानावा की नाही, हा उगमाच्या वादाशी जोडलेला प्रश्न आहे.

उगम : एका मताप्रमाणे प्रणालीचे मूळ हिशेबवह्यांत आहे. लूका पाचोलीने १४९४ मध्ये द्विनोंदी पद्धतीचे (प्रत्येक व्यवहार जमा व नावे अशा दोन बाजूंना लिहिण्याच्या रीतीचे) विवेचन छापले, तेथून ही परंपरा मोजतात. गोव्यातील गावकरीचे, म्हणजे कोमुनिदाद या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या ग्रामसंस्थेचे, दप्तरही या मताच्या बाजूने दाखविता येईल. अफोंसु मेशिया याच्या १५२६ च्या फोरालाने (सनदेने) गावकरीच्या चालीरीती लेखी आल्या. शेतांच्या पावणीचे (लिलावाचे) उत्पन्न, सरकारदेणे आणि गावकारांचा वाटा हे हिशेब एस्क्रिव्हांवाच्या (लेखनिकाच्या) दप्तरात राहत. मात्र अशा दप्तराचा रोख हक्क आणि देणी शाबीत करण्यावर असतो. पुढच्या आठवड्यात काय करावे, हे ते सांगत नाही.

दुसरे मत संगणकापासून सुरुवात करते. लंडनमध्ये चहागृहे चालविणाऱ्या जे. लायन्स आणि कंपनीने केंब्रिज विद्यापीठाच्या एडसॅक या संगणकाच्या धर्तीवर ‘लिओ’ हा संगणक बांधला आणि नोव्हेंबर १९५१ पासून त्यावर बेकरीच्या उत्पादनाचे मूल्यांकन नियमित होऊ लागले. व्यवसायातील संगणकाचे पहिले नेमाचे काम पाव-केकच्या हिशेबाचे होते, हे पदेरांच्या (पाववाल्यांच्या) गोव्यात तरी लक्षात राहावे. पुढे चहागृहांच्या मागण्याही लिओवर गेल्या. प्रत्येक चहागृहाची नेहमीची मागणी यंत्राकडे असे आणि तेथील व्यवस्थापिका दूरध्वनीवरून फक्त त्या दिवसाचा फरक कळवी. लायन्समध्ये कचेरीच्या कार्यपद्धतींचा अभ्यास मात्र यंत्राच्या कितीतरी आधीपासून चालू होता. तिसरे मत अभ्यासशाखेला प्रमाण मानते आणि १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस गॉर्डन डेव्हिस यांनी मिनेसोटा विद्यापीठात सुरू केलेल्या अध्यापनाकडे बोट दाखविते. संज्ञा त्याच दशकात रूढ झाली असे धरण्यास हरकत नाही. तरी व्यवस्था आधी आणि यंत्र मागाहून, हा क्रम अधिक पटण्याजोगा आहे.

टीकाही लवकरच झाली. व्यवस्थापकाला माहितीचा तुटवडा नसतो, निरुपयोगी माहितीचा पूर असतो, असे रसेल अ‍ॅकॉफ यांनी १९६७ मध्ये मांडले. जॉन डिअर्डन यांनी १९७२ मध्ये सर्वसमावेशक प्रणालीच्या कल्पनेला मृगजळ म्हटले. दोघांचे म्हणणे आजही जुने झालेले नाही.

स्तर : रॉबर्ट अँथनी यांनी १९६५ मध्ये केलेली त्रिस्तरीय विभागणी सर्वमान्य आहे : धोरणात्मक नियोजन, व्यवस्थापकीय नियंत्रण आणि दैनंदिन कार्याचे नियंत्रण. गॉरी आणि स्कॉट मॉर्टन यांनी १९७१ मध्ये तिला निर्णय किती नियमबद्ध आहे, या निकषाची जोड दिली. कळंगुटच्या हॉटेलात आज कोणती खोली साफ झाली, हा खालचा स्तर. पावसाळ्यात दर किती उतरवावा, हा मधला. आणखी एक इमारत बांधावी काय, हा वरचा. खालच्या स्तराला ताजी व तंतोतंत माहिती लागते. वरच्याला ढोबळ पण बाहेरच्या जगाची लागते, आणि ती स्वतःच्या संगणकात क्वचितच असते.

व्याख्येचा प्रश्न : गोव्याच्या लोहखनिज व्यवसायात एकाच मालाची निदान चार वजने होतात. खाणीच्या वजनकाट्यावर एक, नदीकाठच्या जेटीवर दुसरे, बार्ज (माल वाहणारी सपाट नौका) भरल्यावर तिच्या बुडीवरून, म्हणजे ती पाण्यात किती खोल बसली त्यावरून, तिसरे आणि मुरगाव बंदरात जहाजाच्या बुडीवरून चौथे. ही वजने कधीच तंतोतंत जुळत नाहीत, आणि त्यामागे नेहमी चोरीच असते असे नाही. पहिले कारण ओलावा. १०,००० ओल्या टनांत ८ टक्के ओलावा धरला तर सुका माल ९,२०० टन भरतो. १० टक्के धरला तर ९,०००. लोहाची टक्केवारी सुक्या वजनावर काढतात, ट्रकवाल्याचे भाडे ओल्या वजनावर चढते. दुसरे कारण पाण्याची घनता. गोड्या पाण्याची १.०००, समुद्राची सुमारे १.०२५, मांडवी-जुवारीच्या मुखाकडे ती भरती-ओहोटीने आणि पावसाने बदलते, म्हणून बूड वाचताना त्याच वेळी हायड्रोमीटरने घनता घ्यावी लागते. जहाजाची बूड पुढे, मध्ये आणि मागे, दोन्ही बाजूंनी, अशी सहा ठिकाणी वाचतात. चांगल्या मोजणीतही साधारण अर्ध्या टक्क्याची चूक संभवते. ५०,००० टनांवर हा फरक २५० टन होतो. तिसरे कारण तारखेचे : ३१ तारखेला जेटीवरून सुटलेली बार्ज १ तारखेला जहाजाला लागते, आणि तो माल दोन्ही महिन्यांत धरला जातो किंवा एकातही नाही.

म्हणून प्रणाली बांधताना पहिला ठराव हा, की साठ्यासाठी कोणते वजन, भाड्यासाठी कोणते आणि बिलासाठी कोणते. तो झाला नाही, तर महागडे सॉफ्टवेअरही चार वेगळे आकडे नेटके छापून देते. २०१२ ची खाणबंदी, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये घातलेली वार्षिक २ कोटी टनांची मर्यादा आणि २०१८ मध्ये रद्द झालेले लीज-नूतनीकरण यांनंतर उत्खनन व वाहतुकीच्या नोंदींना कायदेशीर वजनही आले आहे.

हॉटेलात हाच प्रश्न छेदाचा असतो. ६० खोल्यांपैकी ४ दुरुस्तीत आणि ४२ विकलेल्या असतील, तर भरणा ७० टक्के की ७५ टक्के? खोल्यांचे उत्पन्न १,८९,००० रुपये असल्यास विकलेल्या खोलीमागे सरासरी दर ४,५०० रुपये येतो. उपलब्ध खोलीमागे उत्पन्न मात्र ३,१५० किंवा ३,३७५ रुपये. दुरुस्तीतल्या खोल्या वगळण्याची मुभा असली की आकडा वाईट दिसेल त्या दिवशी दुरुस्त्या वाढतात. शिवाय हॉटेलचा दिवस मध्यरात्री संपत नाही, नाइट ऑडिट, म्हणजे रात्रीची हिशेबतपासणी, झाल्यावर संपतो. चार्टर विमानाने पहाटे २ वाजता आलेला पाहुणा आदल्या व्यवसायदिनात पडतो. विदेशी पाहुण्याची सरकारला द्यायची माहिती मात्र आल्यापासून २४ तासांत भरायची असल्याने तेथे घड्याळाचीच वेळ लागते. दोन्ही तारखांना स्वतंत्र रकाने हवेत.

उभारणी : सुरुवात अहवालापासून न करता निर्णयांच्या यादीपासून करतात. प्रत्येक निर्णयासमोर लागणारा आकडा, त्याची व्याख्या, उगमाचा कागद, नोंद करणारी व्यक्ती आणि नोंद बंद होण्याची वेळ लिहितात. त्यानंतर संकेतांकांची (प्रत्येक वस्तूला दिलेल्या ठरावीक कोडची) मूळ यादी करतात, आणि बहुतेक बिघाड येथेच होतो. खरेदीत एकच मासळी इसवण, सुरमई आणि किंगफिश अशा तीन नावांनी चढली, की एका नावावर साठा शून्य दिसतो आणि शीतपेटीत माल असताना नवी मागणी जाते. नवा संकेतांक उघडण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय. मासळीत अख्ख्या आणि साफ केलेल्या वजनाचेही निराळे रकाने लागतात.

लहान व्यवसायांत प्रणाली करांच्या तारखांना बांधलेली आढळते. मासिक विवरण भरणाऱ्याला जीएसटीआर-१ (विक्रीचे विवरण) साठी ११ आणि जीएसटीआर-३बी (कराचा गोषवारा) साठी २० तारीख असते. हिशेबनीस त्यानंतर मोकळा होतो आणि डिसेंबरचा अहवाल जानेवारीच्या शेवटी मालकाच्या हाती पडतो. तोवर हंगामातले दर ठरून गेलेले असतात. विक्री, येणे आणि साठा यांचा एकपानी साप्ताहिक अहवाल कराच्या कामापासून वेगळा काढल्यास ही अडचण बरीच कमी होते.

जुनी आणि नवी पद्धत निदान एक महिनाअखेर समांतर चालवून आकडे जुळवितात. हॉटेलांनी हे काम जून ते सप्टेंबरमध्ये उरकावे. ट्रॉलरवाल्यांना १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत व्यवहारच नसल्याने समांतर चाचणी तेव्हा करता येत नाही. त्यांनी बंदीत संकेतांक लावून घ्यावेत आणि चाचणी ऑगस्टमध्ये घ्यावी.