एका वेबपेजला तीन भाषा कशाला?

कॉलेज रोडवरच्या आमच्या क्लासमध्ये दर नव्या बॅचला हा प्रश्न ठरलेला: "सर, पान एकच, मग एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट असं तिघींचं लफडं कशाला?" खरं उत्तर एवढंच, की हे कुणी बसून आखलेलं नाही. अडचण आली तशी एकेक भाषा येत गेली.

थोरली एचटीएमएल. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये कागदपत्रं एकमेकांना जोडण्याची योजना मांडली. एचटीएमएलच्या १९९१ च्या यादीत जेमतेम १८ टॅग, म्हणजे मजकुराचा कुठला भाग काय आहे हे सांगणाऱ्या खुणा, होते. शास्त्रज्ञांना शीर्षक, परिच्छेद, यादी आणि दुवा मिळाला की झालं! चित्राचा टॅगसुद्धा १९९३ मध्ये मोझॅक ब्राउझरबरोबर आला. एचटीएमएलच्या नावातला 'मार्कअप' हा शब्द मुळात छपाईतला. खिळे जुळवणाऱ्यासाठी हस्तलिखितावर केलेल्या खुणा. नाशिकरोडच्या प्रेस कामगारांची मुलं वर्गात असली की हे पटकन कळतं.

मग लोकांना सजावट हवी झाली. रंगासाठी फॉन्ट टॅग, मांडणीसाठी टेबलात टेबल, जागा सोडायला न दिसणारं चित्र! हा गुंता पाहून संगणकतज्ज्ञ होकन विउम ली यांनी १० ऑक्टोबर १९९४ रोजी मजकूर आणि रूप वेगळं ठेवायचा प्रस्ताव मांडला. पुढे बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले. त्यातूनच आलेलं सीएसएस डिसेंबर १९९६ मध्ये अधिकृत झालं, पण ब्राउझरांनी ते अर्धवटच पाळलं, त्यामुळे टेबलं पुढेही बरीच वर्षं टिकली. पानाचे रकाने-ओळी आखणारं सीएसएसचं ग्रिड तर ब्राउझरांमध्ये आलं २०१७ मध्ये.

मग पानाने नुसतं दिसू नये, बटण दाबलं की काही करावं, असं वाटू लागलं; त्यासाठी जावास्क्रिप्ट. तिची गोष्ट घाईची. मे १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या ब्रेंडन आइक यांनी तिचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला. आधी मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट, आणि डिसेंबरात जावास्क्रिप्ट, कारण तेव्हा जावा या दुसऱ्याच भाषेचा बोलबाला होता. बाकी नातं नावापुरतंच. तरी 'जावा येतं म्हणजे जावास्क्रिप्ट येतंच' म्हणणारे पालक मला अजून भेटतात. त्या घाईतल्या चुका आजही आहेत. 'नल', म्हणजे 'इथे काहीच नाही', याचा प्रकार विचारला तर ती 'ऑब्जेक्ट', म्हणजे वस्तू, सांगते. दुरुस्त करावी तर जुनी पानं बंद पडतील, म्हणून ती चूक तशीच ठेवली आहे.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं. मराठीची मात्र तेव्हा पंचाईत होती. ज्याचा त्याचा फॉन्ट वेगळा. आत इंग्रजी अक्षरांचे क्रमांक, वर देवनागरीचे आकार. तो फॉन्ट संगणकात नसला की बातमीच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसायची. प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारं युनिकोड आणि ते क्रमांक साठवायची, १९९२ मध्ये केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी रचलेली यूटीएफ-८ ही पद्धत रुळल्यावर ही कटकट संपली. म्हणूनच पानाच्या डोक्यावर अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवली हे सांगणारी चारसेटची ओळ लिहायची; मुलं ती पाठ करतात, कशासाठी हे विचारत नाहीत.

मी त्यांना जावास्क्रिप्टमध्ये 'नाशिक' या शब्दाची लांबी मोजायला लावतो. मुलं म्हणतात तीन, यंत्र म्हणतं पाच. काना आणि वेलांटी ते वेगळी मोजतं.